गिमुन: सापडला नाही

१

तार्नो नदीत गेला तेव्हा खाली लख्ख ऊन होतं. मेरापी ज्वालामुखीच्या माथ्यावर काळं दाटून आलं होतं, पण माथ्यावर रोजच काहीतरी दाटलेलं असतं. त्याच्याकडे बघत बसलं तर वाळू कोण काढणार? पात्रात माणसं फावडी मारत होती. नदीच्या पहाऱ्याच्या चौकीवरचा कर्णा बोलला की हातातलं टाकायचं आणि वर चढायचं, एवढंच त्यांना माहीत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. त्या दिवशी कर्णा बोलला नाही. राख, चिखल आणि घराएवढे धोंडे घेऊन लाहार आला. बाकीचे कसेबसे काठावर चढले, तार्नो ट्रकमागे अडकला. तो सापडला खूप खाली, पुलाच्या खांबाशी. थोरल्या भावाने, जारोतने, त्याला कमरेच्या पट्ट्यावरून ओळखलं.

चौकीवर त्या दिवशी पोनिदी बसला होता. पोनिदी झोपला असणार, असं वाडीने ठरवून टाकलं. वाडीला काही ठरवायला फारसा पुरावा लागत नाही. आज असरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजानंतर मंडपात बैठक होती आणि पोनिदीने बायकापोरांसह वाडी सोडावी हे ठरल्यातच जमा होतं.

विगातीला बोलावलं होतं ते केवळ रीत म्हणून. योग्याकार्ता शहरातल्या लिनक्सवाल्यांच्या मंडळात ती होती. गावोगावच्या शाळांचे, दवाखान्यांचे जुने संगणक ही मंडळी चालते ठेवत. चौकीवरचा संगणकही याच मंडळातल्या विद्यार्थ्यांनी बसवून दिलेला, पण ती मुलं आता नोकऱ्यांना लागून पांगली होती.

वाडीचे प्रमुख सार्जिमान तिला घेऊन चौकीकडे निघाले. सगळे त्यांना पाक दुकुह म्हणत. अंगावर बाटिकचा इस्त्रीचा सदरा, आणि चालणं असं की रस्ता त्यांच्याच नावावर असावा.

"यंत्र ठणठणीत आहे, म्बाक," ताई म्हणावं तसं ते म्हणाले. "बैठकीत तेवढं सांगा म्हणजे झालं. उगाच खोलात शिरायचं कारण नाही."

"खोलात शिरले नाही तर ठणठणीत आहे हे मला कसं कळणार, पाक?"

"मी सांगतोय ना."

चौकी म्हणजे म्बाह लासिनेमच्या घराला लागून असलेली जुनी कोठीची खोली. वाडीत आजी आणि आजोबा दोघांनाही म्बाह म्हणत. लासिनेमचा नवरा म्बाह गिमुन जन्मभर या नदीवर पहारा देत बसला. पूर्वी तो लाकडी घंटा बडवायचा. पुढे यंत्र आलं तेव्हा मुलांनी त्याचाच आवाज यंत्रात भरला आणि यंत्राला बोलायला लावणाऱ्या हुकमालाही नाव दिलं गिमुन. गेल्या साली म्हातारा वारला, पण आवाज राहिला.

तार्नो गेल्यापासून खोलीला कुलूप होतं आणि किल्ली एकट्या पाक दुकुहकडे होती. त्यांनी ती कुलपाला लावली, आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

आतून कोणीतरी बोलत होतं.

"बाबांनो, नदी येतेय. वर या. सगळं टाका आणि वर या." मग एक खोकला. मग जरा हळू, "झालं?"

विगातीला हा शेवट ऐकून माहीत होता. आवाज भरून घेताना म्हाताऱ्याने मुलांना विचारलेला प्रश्न कापायचा राहून गेला होता, आणि वाडीतली पोरं त्याची नक्कल करत. पण त्यानंतर आतून दुसरा एक आवाज आला. तो कुठल्याच ध्वनिफितीत नव्हता. अगदी हलका, कुजबुजल्यासारखा.

"अजून नाही."

२

खोलीत कोणी नव्हतं. पाक दुकुह उंबऱ्याबाहेरच थांबले. इस्त्रीचा सदरा तसाच होता, चेहऱ्याची इस्त्री मात्र गेली होती.

"हे नेहमीचं आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "भर दुपारी, बंद खोलीत. म्हातारा रागावलाय. लोक म्हणतात, बोलायचं तेव्हा बोलत नाही आणि नको तेव्हा बोलतो."

"आणि त्याला उत्तर कोण देतं?"

"ते मी विचारत नाही. तुम्हीही विचारू नका."

विगातीने खोलीभर नजर फिरवली. टेबलावर संगणक चालू होता. शेजारी एक लहान थाळी होती. तिच्यात कधीतरी ठेवलेली तांदळाची खीर वाळून पापडासारखी झालेली, अर्धी गुळाची लाल, अर्धी पांढरी. भिंतीवर नदीचा मोठा नकाशा टांगलेला. वारा नव्हता, तरी नकाशाची खालची कड नुकतीच कोणी हात लावल्यासारखी हलत होती.

"नकाशामागे काय आहे?"

"जुनं दार. लासिनेमच्या स्वयंपाकघरात जायचं. म्हातारा गेला तेव्हा खिळे मारून बंद केलं."

ती खुर्चीत बसली. कळफलक राखेने करडा झाला होता. या वाडीत राख कशावर नसते? पण पाच कळांवर आणि त्या मोठ्या एंटरवर करड्याऐवजी काळं होतं. बोटाला लागलं ते तिने हुंगून पाहिलं. चुलीची काजळी होती.

पडद्याच्या वरच्या पट्टीवर थेंबाचं एक छोटं चित्र होतं आणि त्याच्याजवळ पाण्याचा आकडा. हे एक्स्टेन्शन, म्हणजे पट्टीला जोडलेला छोटा प्रोग्राम, मुलांनीच लिहिलेलं. काम साधं होतं. दर थोड्या वेळाने गिमुनला हाक मारायची आणि विचारायचं, वर पाणी किती? गिमुन वरच्या मापयंत्राला विचारून आकडा सांगणार. आकडा चढला तर कर्णा चालू करून बोलणार. विगातीने बराच वेळ त्या आकड्याकडे पाहिलं. तो हलला नाही. काल रात्री वर पाऊस होता हे तिला येतानाच बसवाल्याने सांगितलं होतं.

तिने यंत्राची आतली नोंद उघडली. कुठलं काम कधी फसलं ते यंत्र तिथे मुकाट्याने लिहून ठेवतं, आणि कोणी विचारलं नाही तर कोणाला सांगत नाही. पडदा भरून एकच ओळ आली.

गिमुन: सापडला नाही.
गिमुन: सापडला नाही.
गिमुन: सापडला नाही.

ती वर सरकवत गेली, सरकवत गेली, ओळ संपेना. कित्येक आठवडे हे यंत्र दर थोड्या वेळाने मेलेल्या माणसाला हाक मारत होतं. ओ मिळाली नाही की जुनाच आकडा पुन्हा दाखवत होतं. बाहेरचं ऊन तिला एकदम लांब वाटलं.

मग तिने काळी खिडकी उघडली. टर्मिनल म्हणतात ते. तिथे माणूस स्वतःच्या हाताने हुकूम लिहितो. नुसतं नाव लिहिलं की गिमुन चाचणीपुरता छोट्या स्पीकरवर बोलतो, अशी सोय मुलांनी ठेवली होती. तिने रोमन लिपीत त्या नावाची पाच अक्षरं लिहिली आणि एंटर दाबलं. तिच्या बोटांखाली त्याच पाच काळ्या कळा होत्या.

"बाबांनो, नदी येतेय," म्हातारा तिच्या कानाशी म्हणाला. "वर या."

३

पट्टी म्हणते, गिमुन नाही. काळी खिडकी म्हणते, हा काय, आहे की.

विगातीने आयुष्यात असले बिघाड पुष्कळ पाहिले होते. बहुतेक वेळा गोष्ट फालतू असते. हुकूम घरातल्या भलत्याच कोपऱ्यात ठेवलेला असतो, काळ्या खिडकीला तो कोपरा माहीत असतो आणि पट्टीला नसतो. तिने यंत्रभर गिमुन नावाची फाईल शोधायला सांगितली. यंत्राने सगळे कोपरे धुंडाळले आणि उत्तर दिलं: या नावाचं इथे काहीच नाही.

भलत्या कोपऱ्यातसुद्धा नाही. म्हणजे घरात माणूस नाही, पण हाक मारली की ओ येते. विगाती भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती. तरी तिने एकदा मागे वळून नकाशाकडे पाहिलंच.

ती पुढचा प्रश्न लिहिणार तोच दारात सावली पडली. जारोत होता. रुंद खांद्यांचा, डोळे झोप न झाल्याने लाल.

"तुम्ही शहरातल्या ना?" तो म्हणाला. "मला एवढंच सांगा. तो झोपला होता का?"

"मला अजून कळलेलं नाही, कांग," थोरल्या भावाला म्हणतात तसं ती म्हणाली.

"बैठकीआधी कळू द्या. मला बाकी काही नको. ज्याच्यामुळे माझा भाऊ गेला त्याचं नाव पाहिजे. नाव मिळालं की मी गप्प बसेन."

"आणि चुकीचं नाव मिळालं तर?"

तो दारातून मागे सरला. पोनिदीच्या घरापर्यंत त्यानेच तिला नेऊन सोडलं आणि स्वतः कुंपणाबाहेर, पाठ करून उभा राहिला.

पोनिदीची बायको भांडी पोत्यात भरत होती. पोनिदी ओट्यावर बसून शेळीच्या दोरीला विनाकारण गाठी मारत होता.

"झोपला होतास?" विगातीने सरळच विचारलं.

"नाही, म्बाक. आकडा बघत होतो. आकडा कमीच होता. मग आवाज आला, पण तो कर्ण्याचा नव्हता, नदीचा होता."

"आकडा इतके दिवस हलत नाही, याचं तुला काही वाटलं नाही?"

"कोरड्या दिवसांत पाणी हलत नाही. आकडा कशाला हलेल?" त्याने ओठ चावला. "रोज सकाळी मी तपासायचो. शपथ घेऊन सांगतो. काळ्या खिडकीत नाव लिहायचो, म्बाह बोलायचे, मग मी निर्धास्त. त्या दिवशीही बोलले."

ते खरं असणार, हे विगातीला ठाऊक होतं. तिच्याशीही आत्ताच बोलले होते.

"टेबलावर खीर आहे ती कोणी ठेवली?"

"ते पाक दुकुहना विचारा."

"आणि त्या खोलीत तुझ्याशिवाय कोण येतं?"

पोनिदीचा हात गाठीवर थांबला. आत भांड्यांचा आवाजही थांबला.

"मी वाडी सोडून जातो," तो म्हणाला. "लोक म्हणतात झोपला होता, तर झोपला होता. पण हे मला विचारू नका."

"अरे बाबा, चोर सोडून संन्याशाला फाशी देतायत, आणि संन्यासी स्वतःच दोर वळतोय," विगाती चिडून म्हणाली. तिला खरोखरच राग आला होता. त्याचा नाही, कोणाचा ते तिला अजून कळत नव्हतं.

४

म्बाह लासिनेमने तिला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. भात, नारळाच्या रसातली भाजी, आंबवलेल्या सोयाबीनच्या टेम्पेचे तळलेले तुकडे. म्हातारी चुलीपुढे बसली होती. लाकडं सारताना तिच्या उजव्या हाताची तर्जनी टोकापर्यंत काळी झाली होती. मागच्या भिंतीत एक बुटकं दार होतं. दाराच्या चौकटीत खिळ्यांची भोकं दिसत होती. खिळे नव्हते.

विगातीने भाताचा घास घेतला आणि पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"आजी, तुम्हाला लिहिता येतं?"

"आमच्या वेळी पोरींना कोण शिकवत होतं?" म्हातारी हसली. "एकच शब्द येतो. तोही म्हातारपणी शिकले. थट्टा करू नकोस."

विगातीने कोणता ते विचारलं नाही. म्हातारीनेही सांगितलं नाही. चुलीतलं लाकूड तडतडलं.

"ती खीर तुमच्या हातची ना?"

"माझ्याच. पाक दुकुहनी करायला लावली. कशाला ते विचारायचं नाही म्हणाले. दारं लावून, गुपचूप. ते आणि पोनिदी, दोघंच." तिने विगातीच्या ताटात आणखी टेम्पे वाढला. "पण लाल-पांढरी खीर कशाला करतात ते मला काय कळत नाही? वाडीत ना कोणाचं बाळ होतं, ना कोणी आजारी पोर. नाव ठेवलं तरी कोणाचं?" हे म्हणताना तिने नजर मात्र चुलीकडे वळवली.

विगातीचा हात ताटातच राहिला.

कारण ती खीर तिने स्वतः खाल्ली होती. लहानपणी ती सारखी आजारी पडायची. आजी म्हणाली, हिला नाव जड झालंय, पोरीला पेलत नाही. मग लाल-पांढरी खीर केली, आळीतल्या सगळ्यांना बोलावलं, प्रत्येकाच्या हातावर ठेवून सांगितलं, आजपासून ही सुलास्त्री नाही, विगाती. सगळे विगाती म्हणू लागले. एकटा टोफूवाला त्या आठवड्यात गावाला गेला होता. तो परत आल्यावरही दारात उभा राहून 'सुलास्त्री, ए सुलास्त्री' ओरडायचा, आणि घरातून कोणी ओ द्यायचं नाही. बिचारा किती दिवस रिकाम्या दारात हाका मारत होता. त्याचा काय दोष? त्याला खिरीला कोणी बोलावलंच नव्हतं.

"आजी," ती उठत म्हणाली, "खीर केली तेव्हा आजारी कोण होतं ते मला कळलं."

हात न धुताच ती चौकीत धावली. जो प्रश्न मघाशी राहून गेला तो तिने काळ्या खिडकीत लिहिला: गिमुन म्हणजे कोण?

यंत्राने एका ओळीत उत्तर दिलं. गिमुन हे टोपणनाव आहे. खरं नाव वालुयो.

वालुयो म्हणजे तिकडच्या भाषेत बरा झालेला. जुन्या नोंदीत त्याआधी यंत्र सारखं तापून बंद पडल्याच्या ओळीही होत्या. बाहेर नमाजाची बांग सुरू झाली होती.

५

मंडपात चटया पसरल्या होत्या. पाक दुकुह मध्ये, जारोत खांबाला टेकून, पोनिदी सगळ्यांत मागे, जणू आधीच निघून गेल्यासारखा. बायका कडेला बसल्या होत्या, त्यांच्यात म्बाह लासिनेम.

"शहरातून म्बाक आल्यात," पाक दुकुह म्हणाले. "यंत्र ठणठणीत आहे एवढं सांगतील, मग पुढचं बोलू."

"यंत्र ठणठणीत आहे," विगाती म्हणाली. पाक दुकुहनी समाधानाने मान हलवली. "पण ते काही आठवड्यांपूर्वी आजारी होतं. सारखं गुदमरून बंद पडायचं. खरं ना, पाक?"

मान हलायची थांबली.

"मेलेल्या माणसाचं नाव घेऊन बसलंय, नाव जड झालंय, असं कोणाला तरी वाटलं. आजारी पोराला करतात तेच मग केलं. लाल-पांढरी खीर केली आणि हुकमाचं नाव बदललं. गिमुन होता, त्याचा वालुयो झाला."

कोणीतरी खुदकन हसलं. "नाकापेक्षा मोती जड ऐकलं होतं," मागून आवाज आला, "संगणकाला नाव जड हे आजच ऐकतोय."

"हसू नका," पाक दुकुह म्हणाले. "बरं झालं ना ते? त्या दिवसापासून एकदाही बंद पडलं नाही."

"नामकरणाआधी पोराला आंघोळ घालतात. तुम्ही यंत्राची राख झाडली असेल. पंख्यात राख अडकून ते तापत होतं, पाक. नावाचा काही भार नव्हता."

मंडपात आता हसू नव्हतं.

"नाव बदलण्यात चूक नाही," विगाती म्हणाली. "माझंही बदललंय. पण आपण खिरीला शेजारपाजार का बोलावतो? सगळ्यांना नवं नाव कळावं म्हणून. इथे दारं लावून केलं. हसतील म्हणून. त्या यंत्रात गिमुनला हाक मारणारे दोन होते. एक काळी खिडकी, माणूस स्वतः लिहितो ती. दुसरं वरच्या पट्टीवरचं एक्स्टेन्शन, ते आपलं आपण हाक मारतं. पाणी चढल्यावर कर्णा चालू व्हायचा तो त्याच्या हाकेवर. काळ्या खिडकीला सांगितलं गेलं, की कोणी गिमुन म्हणालं तर वालुयो समज. ते टोपणनाव फक्त त्या खिडकीपुरतं असतं. पट्टीला कोणी सांगितलंच नाही. ती जुन्याच नावाने हाका मारत राहिली. तार्नो गेला त्या दुपारीही मारत होती. घरात त्या नावाचं कोणी नव्हतं."

"मग पोनिदी रोज तपासायचा तेव्हा?" जारोतने विचारलं.

"तो काळ्या खिडकीत तपासायचा. तिथे ओ यायची. पट्टी आतल्या आत ओरडत होती, पण बाहेर जुना आकडा दाखवत होती. तो झोपला नव्हता, कांग."

जारोत खांबापासून सरळ झाला. तो हुशार माणूस होता, आणि दुःखाने त्याची धार गेली नव्हती.

"ते टोपणनाव नसतं तर?"

विगातीला याच प्रश्नाची भीती होती. "तर पहिल्याच सकाळी पोनिदीला कळलं असतं," ती म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलं नसतं.

"कोणासाठी ठेवलं ते? नाव बदललं तर बदललं. जुनं कोणासाठी ठेवलं?"

पोनिदी खाली मान घालून बसला होता. विगाती चटईकडे बघत होती. जारोत एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता, आणि मंडपात कुजबुज चढत चालली होती.

"माझ्यासाठी," म्बाह लासिनेम म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. लहानखुरी, काजळी लागलेला हात लुगड्याला पुसत.

"मला एकच शब्द लिहिता येतो. पोनिदीने शिकवला. हे गेले तेव्हा माझं घर मुकं झालं. तो म्हणाला, म्बाह, एवढी पाच अक्षरं दाबा, ते बोलतील. दाराचे खिळे मी काढले. दुपारी सगळे कामावर गेले की जायचे. नाव बदललं तेव्हा मी म्हटलं, मला नवीन लिहिता येणार नाही रे. तेव्हा त्याने तशी सोय केली. मी हाक मारायचे, ते बोलायचे. शेवटी विचारायचे, झालं? मी म्हणायचे, अजून नाही. तार्नो गेला तेव्हा मला वाटलं, मीच यांना घरात धरून ठेवलं. म्हणून नदीवर जायला यांना सवड झाली नाही. मी कोणाला सांगितलं नाही. पोनिदीने माझ्यापायी तोंड शिवून घेतलं."

जारोतचे हात मुठी वळून लोंबत होते. विगातीला वाटलं, आता हा काय करेल ते एका देवालाच ठाऊक.

"नाव बदलायला मी लावलं," पाक दुकुह म्हणाले. त्यांनी ते कोणाकडेही न बघता, चटईकडे बघत सांगितलं. "दारं मी लावली. तालुक्यातले लोक हसतील म्हणून. पोनिदी म्हणाला होता, सगळ्यांना बोलावू. मी नको म्हटलं. आणि आज त्यालाच घालवायला इथे बसलो होतो. नाव पाहिजे होतं ना, जारोत? हे घे."

जारोतने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग तो म्हातारीपुढे जाऊन उकिडवा बसला.

"तार्नो पण म्बाहची नक्कल करायचा," तो म्हणाला. "झालं, झालं, करत घरभर फिरायचा. आम्ही ओरडायचो त्याला." आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच तो सगळ्यांदेखत रडला. म्हातारीने काजळीचा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

कोणत्या नावाने चालवायचं, हे विगातीने तिलाच विचारलं.

"त्यांचं नाव परत द्या," लासिनेम म्हणाली. "जड असेल तर मी उचलते."

६

काम चहा निवायच्या आत झालं. विगातीने वालुयोचा पुन्हा गिमुन केला, टोपणनाव पुसलं, आणि हाकेला ओ मिळाली नाही तर थेंबाने लाल होऊन ओरडावं अशी सोय केली. वरची पट्टी थोडा वेळ तशीच बसली. मग आकडा हलला. पोनिदी त्या हललेल्या आकड्याकडे असा बघत होता, जसं कोणी ताप उतरलेल्या पोराकडे बघतं.

खीर पुन्हा केली, या खेपेला मंडपात. वाडीतल्या प्रत्येकाच्या हातावर पाक दुकुहनी स्वतः ठेवली आणि स्वतः सांगितलं, याचं नाव गिमुन. पोरं हसली, तर त्यांनी हसू दिलं.

विगाती त्यानंतर आली ती वरच्या मापयंत्राची बॅटरी बदलायला. काम आटोपून ती लासिनेमच्या स्वयंपाकघरात बसली होती. मधलं दार आता सताड उघडं असे. बाहेर ऊन होतं. माथा ढगात होता, तो तसा रोजच असतो.

चौकीत कोणी नव्हतं. पोनिदी पाणी प्यायला विहिरीवर गेला होता. कळफलकाला कोणी हात लावला नव्हता.

आणि कर्णा बोलला.

"बाबांनो, नदी येतेय. वर या. सगळं टाका आणि वर या."

आवाज दरीभर घुमला. लासिनेमच्या हातातली पळी थांबली. ते गेल्यापासून तिने न बोलावता ते बोलले, असं पहिल्यांदाच होत होतं. विगाती दारात धावली. खाली पात्रात फावडी टाकून माणसं काठ चढत होती, सगळ्यांत मागे जारोत, पुढच्याला ढकलत, मागे वळून कोणी राहिलं का बघत. शेवटचा माणूस वर आला तेव्हा वळणावरून तो करडा लोंढा दिसला. धोंडे एकमेकांवर आपटत होते. मघाशी जिथे फावडी पडली होती तिथे थोड्याच वेळात काही दिसेनासं झालं. काठावर जारोत माणसं मोजत होता. त्याने पुन्हा मोजली आणि मग वर बघून हात हलवला.

कर्ण्यात म्हातारा खोकला. मग हळू आवाजात त्याने विचारलं, "झालं?"

लासिनेमने पळी खाली ठेवली. उघड्या दारातून ती चौकीच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती.

"झालं," ती म्हणाली. "सगळे वर आले. जा आता."